घरातलीच सोयरीक

कार्ल्याच्या राजेश्वरीचं लग्न वडिवळ्याला दिलेल्या सख्ख्या आत्याच्या मुलाशी, संदेशशी झालं. पोटी ओवी आली ती लहानशा डोक्याची. पोरीचं अंग वाढलं, डोकं मात्र वाढलं नाही. शाळेचं वय झालं तरी तिला धड बोलता येईना. "पोटुशी आसताना गिराणात इळी धरली हिनं," आता सासू झालेली आत्या, मुक्ताबाई, येईल त्याला सांगायची. बायका पोरीच्या डोक्यावरून हात फिरवायच्या आणि तोच हात पदराला पुसायच्या. राजेश्वरीला त्या पुसण्याची शिसारी यायची.

पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून घेतलं. म्हणाल्या, "एका पेशीच्या दोन होताना आतलं एक बारीक केंद्र नीट वाटणी करून देतं. सेंट्रोसोम म्हणतात त्याला. पेशीवरचे सूक्ष्म केससुद्धा त्याच्याच भागांवर उगवतात. ओवीत त्याचं एक प्रोटीन नीट बनत नाही. त्यामुळं पोटात असतानाच मेंदूच्या पेशी कमी पडल्या. दोष तुम्हा दोघांकडून आलाय, बहुधा एकाच आजी-आजोबांचा. ग्रहणाचा काही संबंध नाही."

राजेश्वरीनं घरी हे सगळं सांगितलं. "आमच्या रक्तात खोट न्हाई," मुक्ताबाई म्हणाली, आणि धाकट्या मुलासाठी, सत्यमसाठी, राजेश्वरीचीच बहीण चैताली मागायला निघाली.

कार्ल्याला माहेरी बैठक बसली. राजेश्वरीचे वडील महिपती तंबाखू मळत म्हणाले, "घरातली पोर घरात ऱ्हाती, आजून काय पायजे?" ओवीच्या तोंडातून लाळ गळत होती. एका पाहुण्यानं आपली पोह्यांची बशी लांब सरकवली. राजेश्वरीनं ती लाळ आपल्या पदरानं पुसली.

"आबा, सत्यम आन् चैतालीमदी बी ह्यो दोष असू शकतो. आदी रक्त तपासा, मग सुपारी फोडा."

"तुजी पोर आशी निपजली म्हून समद्यांची निपजत्यात व्हय?" मुक्ताबाई म्हणाली.

"पावन्यांपुढं शोभा करू नगस. तिला आत ने," महिपती ओवीकडं न बघता बोलले.

चहाचा ट्रे घेऊन आलेल्या चैतालीनं तो खाली ठेवला. "तपासनी केल्याबिगर मी न्हाई करनार हे लगीन."

सत्यमनं तपासणीला नकार दिला, सोयरीक मोडली. चैताली नवलाख उंबरे गावच्या एका कंपनीत कामाला लागली. राजेश्वरीला माहेर बंद झालं. "गप बसली आसतीस तर," एवढंच संदेश म्हणाला. तेव्हापासून त्याला वाढतानाही तिला नकोसं व्हायचं.

पुढं मुक्ताबाईनं सत्यमसाठी दुसऱ्या भावाची मुलगी पाहिली. राजेश्वरीला कळलं तेव्हा ती भातखाचरात होती. ती बांधावर थुंकली, हात धुतले आणि त्या मुलीच्या आईला फोन लावला.