वळणावरच्या पांढऱ्या पिशव्या

आज मी स्कूटरसह तुरीच्या शेतात पडले, म्हणून ही कबुली देणे भाग आहे.

इंझोरीजवळचे ते वळण आधी सोपे वाटते, मग अचानक आवळते. तिथल्या बाभळींना दादाराव या शेतकऱ्याने खताच्या रिकाम्या पांढऱ्या पिशव्या बांधल्या होत्या. स्वच्छता मोहिमेत मी त्या कचरा म्हणून काढल्या आणि दादारावांना चारचौघांत झापले.

आज त्याच वळणावर मला उचलायला तेच धावले.

"बाई, लागलं तं नाही? वळण दुरून दिसावं म्हणून बांधल्या होत्या पिशव्या. तवा इचारलं काहून नाही?"

वाचकहो, काही काढून टाकण्याआधी तुम्ही तरी विचारता का?

संध्याकाळी चारचौघांसमोर माफी मागून दादारावांच्या हाती हे दिले: नऊ पांढऱ्या पिशव्या, धुतलेल्या, आणि सुतळीचे एक बंडल.