उद्धवबाबांची पळी

“देवाचं हाय, पर मापाचं हाय.”

उद्धवबाबा गुरवांच्या तोंडी हे वाक्य कायम असायचं. पिंडीवर पाणी घालताना म्हणायचे, तीर्थ देताना म्हणायचे, आणि जेवताना सुनेनं भाकरीचा आणखी एक चतकोर पुढं केला तरी म्हणायचे. सून अनसूया मनातल्या मनात हसायची आणि चतकोर ताटात ठेवूनच द्यायची.

त्यांचं गाव ताडकळसच्या वाटेवर. गावाबाहेर चिंचांची रांग आणि चिंचांच्या सावलीत महादेवाचं दगडी देऊळ. देवळाची जमीन कधीच कुणाकुणाच्या नांगराखाली गेलेली. गुरवाच्या घरात उरला होता एक मान, महाशिवरात्रीच्या भांगेचा. पानं गुरवानंच भिजवायची, पाट्यावर वाटायची, धोतराच्या फडक्यातून गाळायची. दिवस मावळताना गडीमाणसांची ओळ लागायची. पितळेच्या पळीनं एकेकाच्या ओंजळीत एकच पळी, वर उकडलेल्या रताळ्याची एक फोड. घेतली की देवळाच्या ओट्यावर बसायचं, आणि लगेच उपासाच्या भगरीची पंगत पडायची. दुसऱ्यांदा हात पुढं आला तर पळी त्या हातावर वाजायची, मग हात पाटलाचा असो की सालगड्याचा. गावात नशाबंदीचा जुना ठराव होता. त्यातून सुटली होती ती ही एवढी पळी.

उद्धवबाबांचा खांदा आता चालत नव्हता. चार-दोन वर्षांपासून दाराआड वरवंटा फिरायचा तो अनसूयेच्या हातानं. बाबा शेवटी वरून हात लावायचे आणि म्हणायचे, “आता झाली वाटून.” अनसूयाही म्हणायची, “झाली, मामा.” घरातली गोष्ट घरात राहायची.

मग चंद्रभान सरपंच झाला. पुण्याला कंपनीत राहून आलेला, बोलायला गोड, हातात सदा मोबाइल. ग्रामसभेत उभा राहून म्हणाला, “परदेशात सरकारं गांजा खुला करायलीत, दुकानं टाकायलीत. अन् आपुन एका पळीला भ्यायलाव! महादेवाचा प्रसाद हाय. ज्याला वाटायची त्यानं वाटावी, ज्याला प्यायची त्यानं प्यावी.”

किराणावाला माऊली मागून ओरडला, “बाबा, तुमचं राज्य खालसा झालं बरं का!”

सगळी सभा हसली. उद्धवबाबा उठले, उपरणं झटकलं आणि घरी आले. त्या दिवशी त्यांनी अर्धीच भाकर खाल्ली. ताट उचलताना अनसूयेला वाटलं, मान म्हणजे माणसाचा कणाच असतो. तो काढला तर हा म्हातारा उभा कशाच्या जोरावर राहणार?

शिवरात्र आली. दुपारी उन्हं डोक्यावर असतानाच चंद्रभाननं देवळासमोर स्टीलचं पिंप मांडलं. दूध, बदाम, बडीशेप आणि भांग. माऊलीनं त्याच्या शेजारी दुसरं पिंप लावलं. लेकरांना तेवढं लांब ठेवलं होतं, बाकी सगळ्यांना मोकळीक. उद्धवबाबा ओट्यावर बसून होते, पळी सदऱ्याच्या खिशात घालून.

आजवर बायकांना या भांगेचा थेंब मिळाला नव्हता. कडूबाई, गुडघ्यांनी बेजार झालेली पण जिभेनं तरणीताठी म्हातारी, काठी टेकत पिंपापाशी आली.

“आज्जी, तुमी बी?” माऊली म्हणाला.

“का? मला नरडं न्हाई का? भर गिलास.”

भांग सावकाश चढते. पहिल्या ग्लासानं काहीच झालं नाही म्हणून लोकांनी दुसरा घेतला. मग चढली, आणि तिच्या मागून भूक आली. अशी भूक, की जन्मात कुणाला लागली नव्हती. संध्याकाळच्या पंगतीसाठी शिजवलेली भगर ऊन कलायच्या आत संपली. मग रताळी गेली, कवठं गेली, माऊलीच्या दुकानातले शेंगदाणे गेले. माऊलीनं विकले थोडे आणि खाल्ले जास्त. त्यानंतर गाव आपापल्या घरात शिरलं.

शेजारच्या आदिनाथला अनसूयेनं डोळ्यांनी पाहिलं. भजनात मृदंग वाजवता वाजवता तो उठून घरी आला होता आणि शिळी भाकर, ठेचा, वर कांदा असा बसला होता. एका हातानं घास, दुसऱ्या हातानं ताटलीवर ठेका. त्याची बायको कपाळ बडवायलेली.

“अवो, आज उपास हाय!”

आदिनाथनं घास गिळला आणि शांतपणे विचारलं, “कुणाला?”

दिवस मावळला. आरतीला नैवेद्य दाखवायला भगरीचा दाणा नव्हता, आणि नैवेद्याचं ताट उचलायला उपाशी माणूस नव्हता. साऱ्या गावात निर्जळ उरले होते दोघंच, उद्धवबाबा आणि अनसूया. तिनं घरातली मूठभर भगर शिजवली आणि ताट घेऊन देवळात आली. तिला भीती होती की बाबा एक तर रडतील, नाही तर साऱ्या गावाला बोल लावतील.

बाबा नंदीला टेकून हसत होते. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते.

“अनसूया, आमच्या बापानं सांगितलं, पळी पंगतीच्या तोंडावरच द्यायची, वर रताळ्याची फोड द्यायची. मी आपला देत आलो. मला वाटायचं, तोंड गोड करायला आसंल. का द्यायची, ते आज कळलं बघ!”

पुढच्या वर्षी सभेत कुणी कुणाच्या डोळ्याला डोळा देईना. चंद्रभान स्वतःच उठला. “बाबा, चुकलं. मान तुमचा, पळी तुमची.”

“अन् आमचं काय?” मागून काठी आपटली. कडूबाई उभी होती. “माझे गुडघे त्या दिवशी तेवढे गप झोपले. यंदा बायांची बी ओळ लागंल.”

“आज्जी, रिवाज न्हाई तसा,” माऊली म्हणाला.

“रिवाज? उपासाच्या दिवशी ठेचा खायाचा रिवाज हाय का? ऐका. बायांना पळी न्हाई, तर गड्यांना भगर न्हाई.” बायकांच्या बाजूनं एकच गलका झाला.

सगळे उद्धवबाबांकडं बघायला लागले. वर्षभरानं हातात परत आलेला मान होता. नाही म्हणावं तर पंगत मोडते, हो म्हणावं तर बापजाद्यांचा नेम मोडतो.

बाबांनी खिशातून पळी काढली, उपरण्यानं पुसली.

“ओळ लावा बायांची,” ते म्हणाले. “आन एक सांगतो. ही भांग लय दिवसांपासून माझी सूनच वाटायलीय. मी नुसता हात लावायलोय. जिनं वाटली, तिनंच द्यावी.”

अनसूयेनं पदर सावरला आणि खाली बघितलं.

त्या शिवरात्रीला दिवस मावळताना चिंचांखाली दोन ओळी लागल्या. बाबांनी पहिली धार पिंडीवर सोडली आणि पळी सुनेच्या हातात दिली. कडूबाईनं ओंजळ पुढं केली, प्यायली, रताळं तोंडात टाकलं आणि हात पुन्हा पुढं आला. दोन्ही ओळी बाबांकडं बघायला लागल्या. बाबा चिंचेच्या शेंड्याकडं बघत राहिले.

पळी कडूबाईच्या हातावर वाजली.

“आज्जी, देवाचं हाय, पर मापाचं हाय.”

“अगं बया!” कडूबाई हात चोळत म्हणाली. “सासऱ्यापरीस जोरात मारती की!”

हसण्याची लाट देवळाभोवती फिरून आली. तेवढ्यात उद्धवबाबा पुढं झाले आणि त्यांनी आपली ओंजळ सुनेसमोर धरली. आजवर त्यांनी कुणाच्या हातून भांग घेतली नव्हती. अनसूयेनं एक पळी घातली, रताळ्याची मोठी फोड वर ठेवली. पंगतीत पहिलं पान त्यांचं मांडलेलं होतं, पण ते बसले नाहीत. “तुमचं चालू द्या,” म्हणाले, आणि रताळं खात खात चिंचांखालच्या वाटेनं घराकडं निघाले. दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती.

चंद्रभान ओंजळ धरून ताटकळत उभा होता. अनसूया पळी हातात घेऊन त्या वाटेकडं बघत राहिली, बाबांचा पांढरा फेटा ज्वारीआड जाईपर्यंत.