राखेवर ठेवलेली बादली

वाटूर फाट्यावर एसटी आली तेव्हा नवरा टपावर ट्रंका चढवत होता, आणि अण्णा, माझे वडील, माझ्या हातात एक जस्ताची बादली कोंबत होते. पुण्यातल्या संसाराला म्हणून. मला लाज वाटली. पण अण्णांचा धंदाच तो. फाट्यावर बसून ते गळक्या बादल्या, घागरी झाळून द्यायचे. गाडी हलताना खिडकीशी येऊन म्हणाले, "गळाया लागली तर डांबर लावू नको. डांबरावर झाळ धरत न्हाई. इकडं घिऊन ये."

तीन वर्षांनी ती गळायला लागली, आणि मी डांबरच लावलं. आमच्या गच्चीवर डांबर ओतायला माणसं आली होती, त्यांच्याकडून बोटभर मागून घेतलं. शहरात आले आणि अक्कल गहाण ठेवली, दुसरं काय! महिनाभरात पुन्हा गळती. शेवटी दिवाळीला बादली घेऊन माहेरी गेले.

अण्णा रागावले नाहीत. निघायच्या दिवशी सकाळभर डांबर खरवडत बसले. पत्रा स्वच्छ झाल्यावर कोंबडीच्या पिसानं तेजाब लावलं, झाळायच्या तापलेल्या काव्यानं कथील फिरवलं. हात पूर्वीसारखा स्थिर नव्हता. मग बादली काठोकाठ भरून कोरड्या राखेवर ठेवली. राख ओली झाली की काम कच्चं; गिऱ्हाईक कितीही घाईत असो, बादली परत मिळायची नाही.

तासाभरानं त्यांनी बादली उचलली. "मला दिसून न्हाई राह्यलं. बघ बरं, राख ओली झाली का?"

ज्वारीच्या दाण्याएवढा ओला ठिपका होता. मी तो पायाच्या अंगठ्यानं पुसला.

"न्हाई अण्णा. बिलकुल कोरडी हाय."

अण्णा इतके खूश झाले की आईला हाक मारून सांगितलं, हात अजून गेला नाही म्हणून.

त्यांचं मन राखायला खोटं बोलले, असं मी कितीतरी वर्षं स्वतःला समजावलं. खरं म्हणजे मला तीनची गाडी चुकवायची नव्हती. खरं सांगितलं असतं तर त्यांनी पुन्हा झाळायला घेतली असती, आणि मी आणखी एक रात्र राहिले असते. त्यानंतर अण्णांची भेट झाली नाही.

गाव सोडून आलेल्या माझ्या बायांनो, आता घरात प्लास्टिकच्या पाच बादल्या आहेत. एकही गळत नाही. तरी अण्णांची ती एक मी रोज भरून ठेवते. सकाळी तिच्याखाली फरशी ओली असते. नवरा फडकं आणतो, मी म्हणते राहू द्या. माहेर आता तेवढंच उरलंय.