खुर्ची भिंतीकडे

माझ्या लेकीचे कान ठणठणीत आहेत, असं डोंबिवलीतल्या कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता. मी भडकले. कान चांगले, मग दर हाकेला "काय?" का? वर्गात बाईंनी सांगितलेलं निम्मं गायब का? म्हणजे पोरगी कामचुकार आहे, असा निकाल मी स्कूटर चालू करायच्या आत लावून टाकला. मी घरी शिकवण्या घेते. एका खोलीत सगळी पोरं, डोक्यावर खडखडणारा पंखा, खाली रस्ता. त्यात माझीच मुलगी सगळ्यात मागे, हे मला फार झोंबायचं. ती चुकली की मी ओरडत नसे, तोंड फिरवून घ्यायचे. ओरडण्यापेक्षा बरं, असं मला वाटायचं.

शेवटी तिच्या शाळेतल्या बाईंनीच ठाण्याच्या एका ऑडिओलॉजिस्टकडे जायला सांगितलं. टेंभी नाक्याच्या मागे, पहिल्या मजल्यावर. मॅडम वयानं माझ्याहून लहान, बोलायच्या सावकाश. "कानापर्यंत आवाज पोचतो हो ताई. पोचलेला आवाज मेंदूला निवडता येतो का, ते बघायचंय." मुलीचं लक्ष आणि भाषा तपासायला त्यांनी आधी दुसरीकडे पाठवलं. तिथे काही निघालं नाही. मग खरी तपासणी.

लेकीला आवाजबंद खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन. मध्ये काच. काचेच्या अलीकडे मॅडम, त्यांचं मशीन आणि शेजारी मी. तिच्या दोन्ही कानांत एकाच वेळी वेगवेगळे आकडे पडणार, उजव्यात चार तर डाव्यात नऊ. तिनं दोन्ही सांगायचे. इकडच्या छोट्या स्पीकरवर ते आकडे आणि तिची उत्तरं मलाही ऐकू येत होती.

पोरगी धडाधड बरोबर सांगायला लागली. माझी छाती फुगली. मग लक्षात आलं, ती माझ्या तोंडाकडे बघतेय. डिक्टेशन घालून घालून माझे ओठ आपोआप हलतात, तेच चाललं होतं. पण कळल्यावरही मी थांबले नाही. पुढचे काही आकडे मी मुद्दाम, नीट तोंड उघडून म्हटले. तिला पास करायचं होतं मला. दुखणं शोधायला आलेलो आम्ही, आणि मी बसल्या जागी कॉपी पुरवत होते.

मॅडमनी मशीन थांबवलं. "ताई, खुर्ची जरा भिंतीकडे फिरवता का?" एवढंच म्हणाल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

भिंतीकडे तोंड करून मी ऐकत राहिले. उजव्या कानातला आकडा ती सांगायची, डाव्यातला नाही. "सात... आणि... माहीत नाही." पुन्हा, "माहीत नाही." तिचा आवाज बारीक बारीक होत गेला. मला मागे वळून बघायचंही धाडस झालं नाही.

"गोंगाटातलं बोलणं, उंच-खालचे सूर, अशा अजून टेस्ट आहेत," मॅडम नंतर म्हणाल्या. "सगळ्या झाल्याशिवाय मी याला नाव देणार नाही. आज ती रडवेली झालीय, म्हणून ही आकड्यांची टेस्टसुद्धा परत घेऊ. तेव्हा तुम्ही बाहेर बसा. पण ताई, ही आळशी नाहीये. इतके दिवस ती माणसांची तोंडं बघून निभावतेय."

जिना उतरताना लेकीनं माझा हात धरला. "आई, मी चुकले म्हणून तू तोंड फिरवलंस ना?"

"नाही गं. मी तुला उत्तरं सांगत होते, म्हणून मॅडमनी मला फिरवलं."

ती दोन पायऱ्या उतरली. मग थांबून, माझ्या तोंडाकडे नीट बघत तिनं विचारलं, "मग घरी कोण फिरवतं?"