पिसांच्या एकेचाळीस माश्या

छबुबाई आघावला न्यायला पांढरी गाडी आली, तेव्हा ती दारात बसून लसूण सोलत होती. "सत्यशीलाताईंनी बोलावलंय, आत्ताच चला," ड्रायव्हर म्हणाला. शेजारच्या केशरबाईनं भिंतीवरून मान काढली. "कावून बोलावलं गं?"

"मला काय म्हाईत," छबुबाई म्हणाली आणि पदर झटकून उठली. माहीत तिला सगळं होतं. नवरा गेल्यापासून दोन वर्षं ती या गाडीची वाट बघत होती, आणि गाडी येऊ नये म्हणून वैजनाथाला हातही जोडत होती. माणसाचं मन असंच दोन्हीकडून ओढ घेतं, त्याला कोण काय करणार!

सत्यशीलाताई म्हणजे मोहनराव साहेबांची सून. मोहनराव दोनदा मंत्री झाले, पण दिंद्रुडच्या पट्ट्यात त्यांची गोष्ट निघाली की लोक मंत्रिपदाआधी त्यांच्या मासेमारीची गोष्ट काढतात. साहेबांच्या वडिलांनी हैदराबादेत, निजामाचं राज्य गेल्यावर, कुणा इंग्रज अधिकाऱ्याच्या सामानाच्या हर्रासात एक लोखंडी ट्रंक घेतली होती. आत तीन तुकड्यांची बांबूची काठी, पितळी चकरी, रेशमाची दोरी आणि कप्प्याकप्प्यांची एक चपटी पेटी. पेटीत बेचाळीस माश्या. खऱ्या नव्हेत, बारक्या गळावर पिसं आणि रेशीम बांधून केलेल्या. गांडूळ नको, पिठाची गोळी नको, नुसती ती पिसाची माशी पाण्यावर नाचवायची आणि माशाला फसवायचं.

वडिलांनी ट्रंक घेतली खरी, उघडली कधीच नाही. साहेबांनी ती उघडली आणि त्यांना वेडच लागलं. मुंबईचं अधिवेशन आटोपलं की ते माजलगावच्या धरणावर यायचे, गुडघाभर पाण्यात उभे राहायचे आणि डोक्यावरून काठी मागंपुढं झुलवत बसायचे. बरं, गळ्यात माळ! मरळ लागली की हलकेच गळ सोडवून परत पाण्यात. काठावरच्या भोयांना हे बघून हसू आवरायचं नाही. "धरतंय बी आन् सोडतंय बी, ह्या परीस निवडणुकीला उभं ऱ्हावं," असं ते म्हणायचे, आणि साहेब तेही करायचेच.

एकदा ती रेशमाची दोरी बाभळीत अडकली. बरोबरचे कार्यकर्ते फांदी तोडायला निघाले, तेवढ्यात शेळ्या वळणारा एक तरणा गडी पुढं झाला, काट्यात हात घालून अर्धा तास बसला आणि दोरीचा धागाही न दुखवता ती मोकळी करून दिली. हाताचं रक्त त्यानं धोतराला पुसलं. तो बंकट, छबुबाईचा नवरा. साहेबांनी त्याच दिवशी ट्रंक त्याच्या हवाली केली. बंगल्यावर पोराटोरांचा धिंगाणा असायचा; बंकटच्या खोपीत ती सुखरूप राहील असं त्यांना वाटलं. साहेब आले की ट्रंक डोक्यावर घेऊन धरणावर जायचं, गेले की पुसूनपासून ठेवायची. बंकटला केवढा अभिमान! रात्री तो ट्रंकेला टेकूनच झोपायचा.

आणि त्याच वर्षी खंडेनवमी आली.

खंडेनवमीला आपण हत्यारं पुजतो. विळा, कोयता, नांगर, शिंप्याकडं मशीन, ड्रायव्हरकडं गाडी. घरात साहेबांची एवढी हत्यारं असताना ती बिनपूजेची ठेवायची, हे बंकटच्या मनाला पटेना. त्यानं काठी धुतली, चकरीला झेंडूचं फूल लावलं. इथपर्यंत ठीक होतं. मग त्यानं ती चपटी पेटी उघडली आणि विचार केला की माशी ही काठीइतकीच हत्यार आहे, आणि बेचाळीस माश्या म्हणजे बेचाळीस हत्यारं. एकीला नैवेद्य दाखवायचा आणि दुसरीला उपाशी ठेवायचं, हा काय न्याय झाला? म्हणून त्यानं प्रत्येकीला हळदीकुंकवाचं बोट लावलं आणि प्रत्येक कप्प्यात गुळखोबऱ्याचा एकेक खडा ठेवला. वर तुपाचा थेंब. पेटी कोयत्याशेजारी उघडीच ठेवून दोघं नवराबायको हात जोडून झोपली.

दसऱ्याच्या सकाळी पेटीत नुसते गळ उरले होते. गूळ नाही, खोबरं नाही, पिसं नाहीत. तूप लागलेल्या सगळ्याचा उंदरांनी कुरतडून भुगा केला होता. कोपऱ्यातल्या दोन माश्या तेवढ्या वाचल्या होत्या.

बंकट ओट्यावर बसला आणि लहान पोरासारखा रडला. "मी आता तोंड कसं दाखवू गं त्यास्नी," एवढंच म्हणत होता. छबुबाईनं आधी त्याला मनसोक्त शिव्या घातल्या. मग त्या दोन माश्या तळहातावर घेऊन ती उजेडात गेली.

छबुबाईचं माहेर परळीचं. वैजनाथाच्या देवळाच्या वाटेवर पटवेकऱ्याचं दुकान होतं, आणि लहानपणी ती तिथं काळे मणी ओवायला जायची. रेशमावर बारीक गाठ कशी बसते, कुठं फिरवायची, कुठं लपवायची, हे तिच्या बोटांना ठाऊक होतं. दोन माश्यांपैकी एक तिनं सुईनं हळूहळू उसवली, एकेक वेढा मोजत. कशी बांधलीय ते कळलं. एक तशीच राहू दिली, नमुन्याला. मग कामाला बसली. शेजारच्या कोंबड्याच्या मानेची पिसं, काळ्या शेळीचे केस, शेतात सापडलेलं तासपक्ष्याचं निळं पीस. चमक हवी तिथं तिनं लग्नाच्या शालूची जर उसवली. गाठीला मधाच्या पोळ्याचं मेण. दोघं दर साल ज्या ऊसतोडीच्या टोळीबरोबर जायची, ती दसऱ्यानंतर निघून गेली. ही दोघं मागं राहिली, आणि मुकादमाला बंकटनं तिच्या बाळंतपणाची थाप मारली. तिला तेव्हा दिवससुद्धा गेले नव्हते! पंधरा दिवसांत एकेचाळीस माश्या झाल्या. जुने गळ तेच होते, वरचं सगळं छबुबाईचं.

"कुनाला बोलायचं न्हाई," बंकटनं तिला वैजनाथाची आण घातली. "आपुन नेकीनं ऱ्हातो म्हणून त्यांनी दिलंय."

दिवाळीला साहेब आले. त्यांनी पेटी उघडली, बराच वेळ बघत राहिले. साहेबांनी पेटी मिटली, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बंकट, लई जपलंस." बस्स, तेवढंच.

त्या तीन शब्दांनी बंकटचा जन्म पोखरला. दुसरा कुणी असता तर सुटलो म्हणून पेढे वाटले असते. हा मात्र उलट कुढायला लागला. पुढच्याच उन्हाळ्यात साहेबांनी धरणाच्या विश्रामगृहावर चौकीदाराची कायमची नोकरी देऊ केली. घराला पत्रे, पोरांना शाळा, म्हातारपणी पेन्शन. बंकट हात जोडून नको म्हणाला. घरी आल्यावर छबुबाईनं ताट आपटलं, तर तो खाली मान घालून म्हणाला, "ज्याला फसवलंय त्याचं अन्न कसं खाऊ?" मग काय, बावीस वर्षं दोघांनी ऊस तोडला. पाचटात पोरं झोपवली, थंडीत मोळ्या वाहिल्या. साहेब यायचे तेव्हा बंकट गावात असला तर ट्रंक डोक्यावर घेऊन जायचा आणि त्यांच्या नजरेला नजर न देता पाण्याकडं बघत उभा राहायचा. साहेब गेले अकरा वर्षांपूर्वी. बंकट गेला दोन वर्षांपूर्वी, आणि ट्रंक बंगल्यावर परत गेली. मरताना सुद्धा त्यानं बायकोकडून आण पुन्हा वदवून घेतली.

तर गाडी साहेबांच्या नव्या स्मृतिदालनासमोर थांबली. उद्या उद्घाटन. आत साहेबांची खुर्ची, फेटा, पेनं आणि मधोमध काचेच्या पेटाऱ्यात ती बांबूची काठी. छबुबाईला ती काठी पाहून एकदम धरणाचं पाणी आठवलं, काठावर उकिडवा बसलेला बंकट आठवला, विडी न पेटवता नुसती तोंडात धरलेला. डोळे भरून आले, आणि तिनं ते लपवलेही नाहीत.

"या मावशी," सत्यशीलाताईंनी तिला खुर्ची दिली. "उद्या तुमचा साडीचोळी देऊन सत्कार आहे. बंकटरावांचा एखादा फोटो हवा होता. आणि हे बघा, त्यांच्याबद्दल काय लिहिलंय." ताईंनी छापलेली पाटी वाचून दाखवली: लंडनच्या नामवंत कारागिरांनी शंभर वर्षांपूर्वी बांधलेल्या या माश्या बंकट आघाव यांनी पंचवीस वर्षे प्राणपणाने जपल्या, एकीलाही धक्का लागू दिला नाही.

छबुबाई पेचात पडली. बोलावं, तर मेलेला नवरा लबाड ठरतो, तोही उद्या साऱ्या तालुक्यासमोर. गप्प बसावं, तर ही पाटी म्हणजे त्याच्या मढ्यावर चढवलेलं खोटं. आणि शालू उसवून केलेलं तिचं काम कुण्या गोऱ्याच्या नावावर. तरी तिनं गप्प बसायचंच ठरवलं. आण ती आण.

पुण्याहून प्रवीण नावाचा जाणकार आला होता, जुन्या वस्तू पारखणारा. डोळ्याला भिंग लावून तो चिमट्यानं एकेक माशी काचेखाली मांडत होता. "काय काम आहे!" तो म्हणाला. "ही जर बघा. त्या काळी लंडनचे कारागीर आपल्याकडून जर मागवत असणार." छबुबाईला एवढ्यातही हसू फुटलं, ते तिनं पदराआड खोकून घालवलं. मग त्यानं कोपऱ्यातली एक माशी उचलली, नाक मुरडलं आणि बाजूच्या टोपलीत टाकली. "ही एक मात्र नकली. गाठ ढिली आहे, बाकीच्यांशी मेळ नाही. कुणीतरी इथंच केलेली नक्कल."

छबुबाई ताडकन उठली. ती नमुन्याला ठेवलेली माशी होती, साहेबांच्या वडिलांनी आणलेली, पेटीतली एकुलती एक अस्सल.

"आरं ये बाबा, उचल ती!" तिचा आवाज दालनभर घुमला. "तीच तर खरी हाय! बाकीच्या समद्या म्या केल्यात. ती जर माझ्या लग्नाच्या शालूची हाय, आन् ते केस आमच्या शेळीचे. भिंग लावून बी दिसंना व्हय तुला?"

प्रवीणचा चिमटा हातातच राहिला. आणि मग छबुबाई थांबलीच नाही. खंडेनवमी, गूळखोबरं, उंदीर, दिवाळी, सगळं भडाभडा बोलून गेली. "त्यानं चोरी न्हाई केली, ताईसाब. पूजा केलती. त्याला लबाड म्हनू नका. काय म्हनायचं ते मला म्हना."

सत्यशीलाताईंनी तिचा हात धरून तिला खाली बसवलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नवलही नव्हतं.

"मावशी, मामंजींना माहीत होतं."

"काय म्हाईत व्हतं?"

"सगळं. त्या दिवाळीला मी घरात नवीनच होते. मामंजी धरणावरून आले आणि त्यांनी पेटी माझ्यापुढं धरली. कप्प्यांच्या सांदीत कुंकू होतं. म्हणाले, 'बंकटनं माझ्या माश्यांची पूजा केलेली दिसते, आणि त्याच्या घरात कुणाचे तरी हात सोन्याचे आहेत.' पुढं यांनी परदेशातून नवी पेटी आणली होती, ती त्यांनी कुणाला तरी देऊन टाकली. आमच्या घरच्या माश्याच बऱ्या म्हणाले."

"मग बंकटला बोलले कावून न्हाईत?"

"बोललो तर तो लाजेनं काम सोडून जाईल, म्हणाले. त्याचा मान राहू दे."

बाहेर मांडववाले बांबू टाकत होते, त्यांचा आवाज येत होता. प्रवीणनं टोपलीतली माशी हळूच उचलून पुन्हा कप्प्यात ठेवली आणि खालमानेनं विचारलं, "आजी, पाटीवर नाव काय लिहू?"

"छबुबाई बंकट आघाव," ती म्हणाली. "नीट लिव. बंकट मधी ऱ्हाऊ दे."

सत्यशीलाताईंना वाटलं, म्हातारी आता मोकळी झाली. त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "बघा, उगीच एवढी वर्षं ओझं वागवलंत. आता उतरलं ना?"

"माझं उतरलं, ताईसाब," छबुबाई म्हणाली. "त्यो मातर घिऊनच गेला."