आंबोलीचा बेडूक आणि क्रीमचे हात

कुवेतच्या कोरड्या हवेत हात तडकतात, म्हणून आमच्या रिग्गईच्या घरात क्रीमची ट्यूब जिथे तिथे असते. बेसिनपाशी, गाडीत, नवऱ्याच्या ऑफिसच्या बॅगेत. हात धुतले की क्रीम, त्यात विचार करण्यासारखं काही नसतं.

मुलगी इथेच जन्मली, आता पंधरा वर्षांची आहे, आणि तिला वेड बेडकांचं. बेडूक आणि सॅलमँडर, म्हणजे बेडकांचे शेपटीवाले भाऊबंद, हाच आपला विषय, असं तिनं जाहीर केलं आणि बापलेकीत अबोला सुरू झाला. तिनं अकाउंट्स घ्यावं, हे त्याचं स्वप्न. मधल्या मधे निरोप पोचवून मी वैतागले होते. शेवटी तोच नरमला. या सुट्टीत आंबोलीला नेतो, म्हणाला. तिथे सॅलमँडर नसतात, पण बेडूक हवे तेवढे.

आंबोलीत ढग झाडांमध्ये उतरले होते. हॉटेलच्या गाद्यासुद्धा दमट. संध्याकाळी टॉर्च घेऊन आम्ही जंगलाकडेच्या रस्त्यानं निघालो. मुलगी पानं उलटायची, ओंडक्याखाली डोकवायची आणि काही सापडलं की खुणेनं बोलवायची. नखाएवढा एक बेडूक पानावर बसून इतका ओरडत होता की नवराही वाकून बघत राहिला.

"हात नाही लावायचा हं," तिनं आधीच बजावलं होतं. "ते स्किननं पाणी पितात. आपल्या हातावरचं सगळं आत जातं."

तेवढ्यात वळणावरून जीप आली. रस्त्याच्या मधोमध एक बेडूक बसलेला. नवऱ्यानं मागचापुढचा विचार न करता त्याला ओंजळीत उचललं. जीप गेली, ओंजळ उघडली, तर बेडूक निपचित.

मुलीनं त्याच्या हाताचा वास घेतला. "बाबा, तू क्रीम लावलंयस?"

लावलं होतं. जिथे भिंतींना पाझर फुटलेला, तिथे हा गृहस्थ चहानंतर हात धुऊन क्रीम चोळून आला होता. हसावं की रडावं, मला कळेना.

तिनं बेडूक एका रुंद पानावर घेतला आणि दरडीवरून पडणाऱ्या पाण्याखाली धरला. मी आयुष्यात पहिल्यांदा बेडकासाठी देवाला हाक मारली. खरं तर बेडकासाठी नव्हेच. हा मेला तर ती बापाला माफ करणार नाही आणि तो पुन्हा तिच्याबरोबर येणार नाही, हे मला दिसत होतं.

बऱ्याच वेळानं बेडकाचा गळा हलला. मग एक पाय. मग तो टुणकन उडी मारून गवतात गेला.

नवरा हात अंगापासून लांब धरून उभा होता. "सॉरी," म्हणाला. मुलीनं त्याची मनगटं धरून हात पाण्याखाली ओढले आणि खसाखसा चोळले.

"जीपखाली गेलाच असता तो," ती म्हणाली. "पण नेक्स्ट टाइम पानानं उचल."

"नेक्स्ट टाइमपण मला आणणारेस?"

"मग टॉर्च कोण धरणार?"

त्यानं ओले हात पँटला पुसले आणि टॉर्च उचलला. माझा जीव भांड्यात पडला.