पैशाचं तांबं

लढाईच्या दिवसांत मुरबाडला तांब्याचा पत्रा येईनासा झाला. माझे यजमान तांबट. हंडे-कळशा घडवणारा त्यांचा हातोडा महिनोन्‌महिने वाजला नाही. घरातली भांडी विकली, मग माझी जोडवी गेली. मला आठवा महिना होता आणि वरीच्या पेजेवर आम्ही दिवस काढत होतो.

बाजारातून सुटे पैसेही नाहीसे झाले होते. मीठ घेतलं की वाणी उरलेल्या पैशांऐवजी हातावर सुपारी नाहीतर काडेपेटी ठेवी.

अशात कल्याणचा एक व्यापारी बैलगाडीतून दोन गोणी घेऊन आला. तोंड सोडलं, तर आत नुसते पैसे.

"वितळवून लगडी करून द्या," तो म्हणाला. "एक पैसा पाडायला सरकारला आता पैशाहून जास्त खर्च येतो. तांबंच तेवढं महाग झालंय. बाजारात हा पैसा, मोडीत त्याहून जास्त."

तो गेल्यावर मी म्हटलं, "अवो, हा गुन्हा हाय. राजाचं तोंड हाय त्याच्यावर."

"ठाव हाय मला. पण तू बाळंत झाल्यावर तुला खायला काय घालू?"

भट्टी पेटली, आणि भाता मीच ओढला. मुशीत टाकलेल्या नाण्यावरचा चेहरा थोडा वेळ तसाच दिसे, मग एकाएकी पाणी होई. बघवत नव्हतं, पण हात थांबत नव्हते. तांदूळ डोळ्यांपुढे होते.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी फौजदार दारात उभा राहिला. मूस अजून लाल होती. त्याने भात्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"भाता कोण वढीत होतं?"

"मीच," यजमान म्हणाले. "तिला यातलं काय ठाव नाय."

काजळीने भरलेले हात मी पदराखाली घेतले. व्यापारी कुणाला सापडला नाही. यजमानांना सहा महिन्यांची सजा झाली.

मी सिद्धगडाच्या पायथ्याला माहेरी गेले. मुलगी झाली. माझ्या अंगावर दूध नव्हतं. नऊ दिवस जगली.

हे सांगायला मी भावाबरोबर ठाण्याच्या तुरुंगात गेले. जाळीपलीकडून त्यांनी विचारलं, "कोणासारखी होती गो?"

"तुमच्यासारखी," मी म्हटलं. त्यांनी कपाळ जाळीला टेकवलं. शिपायाने वेळ संपल्याचं सांगितलं तरी ते तसेच उभे होते.

सुटून आल्यावर त्यांनी हातोडा धरला नाही. दुकान विकून आम्ही आटगावला गेलो, स्टेशनाजवळच्या वखारीत लाकडं रचायला. मजुरीत मधोमध मोठं भोक असलेले नवे पैसे मिळत. तांबं वाचवायला सरकारने ते तसे काढले होते. यजमान ते माझ्या हातात देत, स्वतःजवळ एकही ठेवत नसत. त्या साली तिथं पाऊस उशिरा आला, म्हणून काम लांबलं, आणि आम्ही दोघं रोज अंधार पडेपर्यंत लाकडं रचत राहिलो.